गिळलेला खोकला

छातीच्या दवाखान्यामागे एक फरशीचं अंगण होतं आणि त्या अंगणात रोज सकाळी खोकण्याची शाळा भरायची.

ऐकून हसू येईल. खोकायला काय शिकायचं? पाळण्यातलं मूलसुद्धा खोकतं. पण दवाखान्यात माणसाच्या हातात प्लास्टिकची छोटी डबी देऊन "यात बेडका आणा" म्हटलं, की भली भली माणसं लाजतात. तोंडातल्या तोंडात खाकरतात, डबीत थुंकी टाकतात आणि सुटलो बुवा म्हणून घरी जातात. थुंकीत काही सापडत नाही. क्षयाचा जंतू राहतो खोल, छातीच्या तळघरात. त्याला वर आणायचं तर हाक पोटातून मारावी लागते. ती हाक शिकवणारा माणूस कागदोपत्री प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ होता. पण त्या हुद्द्याने त्याला कुणी कधी हाक मारली नाही. सगळे म्हणत, खोकलेमास्तर.

मास्तर अंगाने काटकुळे, उंच, आणि उंचीची लाज वाटत असल्यासारखे थोडे वाकलेले. बोलणं इतकं हळू, की दुकानदार दोनदा विचारायचा, "काय हवंय म्हणालात?" पण अंगणात उभे राहिले की माणूस बदलायचा. वारा कुठून येतोय ते ओलं बोट वर धरून बघायचे, सगळ्यांना अंतरा-अंतराने एकाच दिशेला तोंड करून उभं करायचे आणि स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचे.

"आधी चूळ भरा. आता श्वास घ्या. धरा. सोडा. परत घ्या. लाज असेल तर त्या खुंटीवर टांगा, जाताना घेऊन जा. आता पोटातून!"

आणि मग ते स्वतः खोकून दाखवायचे. दवाखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि त्या हसण्यातच एखादीचा खरा खोकला मोकळा व्हायचा. "शाब्बास! हा पास झाला," मास्तर म्हणायचे.

मग आतलं काम. अंधारी खोली, खिडकीशी सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर, त्यावर लाल रंग, खालून वात फिरवून वाफ येईपर्यंत दिलेली ऊब, मग आम्लाने धुणं आणि शेवटी निळा रंग. सगळं निळं होतं, फक्त क्षयाचा जंतू आपला लाल रंग सोडत नाही. हट्टी असतो. मास्तर डोळा लावून बसले की समोर निळं पाणी पसरायचं, न हलणारं, आणि त्या पाण्यात कुठेतरी लाल दोऱ्याचे बारीक तुकडे. ते दिसले की मास्तरांना दुःख व्हायचं आणि बरंही वाटायचं. सापडलास म्हणजे आता तुझी खैर नाही.

घरी अक्का. त्यांची थोरली बहीण. फार लवकर नवरा गेला म्हणून परत आली, तेव्हा मास्तर शाळेत होते आणि आई नुकतीच गेली होती. अक्काने त्यांना वाढवलं. मास्तरांचं लग्न जमलं नाही. मुलीकडचे विचारत, मुलगा काय करतो? मास्तर खाली बघत आणि अक्का खरं काय ते सांगून टाकायची. "लोकांचे बेडके बघतो. सरकारी आहे." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठत.

"तू जरा गोल बोलली असतीस तर?" मास्तर एकदा म्हणाले होते.

"गोल बोलून आणलेली बायको रोज डबी बघून रडली असती. मी तरी हसते."

इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एका खोलीत मास्तर, दुसऱ्या खोलीत अक्का आणि तिच्या गोधड्या. जुनी लुगडी, शर्ट, पडदे आणून ती कापसाचा थर घालून टाके घालायची. तिची बोटं चालत असताना तोंडही चालायचं. जिना चढणाऱ्या प्रत्येकाला तिची एक कोपरखळी मिळायचीच.

मग तो नवा आजार आला.

शहराने श्वास घेतला आणि धरला. सोडायला कुणी सांगितलंच नाही. रस्ते मोकळे झाले, इतके की मास्तर मधोमध चालत दवाखान्यात जायचे आणि स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकायचे. झाडांची पानं कुणी झाडेना. ती दुकानांच्या बंद फळ्यांपाशी गोळा होऊन बसायची, गिऱ्हाइकासारखी. दुपारच्या उन्हात सगळं शहर काचेखाली ठेवल्यासारखं दिसायचं. स्वच्छ, आणि जरा दूर.

छातीच्या दवाखान्याच्या अंगणात मंडप पडला. तिथे आता नाकात काडी घालून तपासायचं काम होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना तापाच्या वॉर्डात कामाला नेलं. क्षय पटकन शोधणारं नवं यंत्र होतं, तेही नव्या आजाराच्या कामाला गेलं. यंत्र न्यायला आलेल्यांतला एकजण मास्तरांच्या सूक्ष्मदर्शकाकडे बघून म्हणाला, "हे राहू द्या. हे कुणाला नकोय."

मास्तरही राहिले. त्यांनाही कुणी नेलं नाही.

डब्या यायच्या बंद झाल्या. गाड्या बंद, येणार कोण? आणि आलं तरी दाराशीच विचारायचे, ताप आहे? खोकला आहे? आहे म्हटलं की तिकडच्या रांगेत. नाही म्हटलं तर मग आलात कशाला? खोकल्याच्या दवाखान्यात खोकणाऱ्याला जागा उरली नव्हती. एखाददुसरी डबी यायची, तिच्या काचपट्टीत नुसतं निळं.

एक दिवस वरच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला. "मास्तर, तुमचे आकडे फारच छान आहेत हो! रुग्ण जवळजवळ नाहीतच."

"हो साहेब," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पण खरं सांगायचं तर त्यांनाही ते थोडंसं खरं वाटायला लागलं होतं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. कुणी कुणाजवळ जात नाही. हवा धुतल्यासारखी. कोण जाणे, त्या जुन्या हट्टी जंतूला कंटाळा आला असेल. रिकाम्या दुपारी काचेला डोळा लावून बसलं की त्यांना डुलकी लागायची, आणि त्या निळ्या डुलकीत ते बघायचे: लाल जंतू एकामागे एक, डोक्यावर बोचकी घेऊन, वेशीबाहेर चालले आहेत. कुणी वळून बघत नाही. मास्तर जागे व्हायचे तेव्हा खोलीत ऊन तिरपं झालेलं असायचं. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना वाटत होतं, आपलं काम संपलं. गोड वाटायचं ते.

बाहेर मात्र खोकणं गुन्हा झाला होता. दुकानासमोर कुणाला ठसका लागला तरी रांग फुटायची. समोरच्या इमारतीतल्या आजी खोकत होत्या, कुणीतरी कळवलं. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, गाडी आली, दाराला पत्रा ठोकला. सगळ्या खिडक्यांतून सगळे बघत होते. आजी गाडीत चढताना मागे वळल्या आणि कुणाला हात करावा ते न कळून तसाच हात खाली घेतला. त्या परत आल्या नाहीत. त्यांचं दोरीवरचं लुगडं मात्र कितीतरी दिवस वाऱ्यावर हलत होतं.

अक्का खिडकीतून सरकून भिंतीला टेकून बसली. "धाकट्या, मला त्या गाडीत घालू नकोस. मरायचं तर माझ्या गोधडीत. ओळखीच्या कापडात."

"काहीतरीच तुझं," मास्तर म्हणाले. पण मान हलवली. वचनच ते.

आणि अक्काला खोकला लागला.

"कापसाचा आहे," अक्का म्हणाली. "तंतू जातात घशात. मी काय आजपासून शिवतेय?"

कापूस बाजूला ठेवला, खोकला राहिला. पहाटे जास्त. जिन्यात आवाज घुमायचा. मग एक दिवस दाराबाहेर, चार पायऱ्या खाली थांबून, सेक्रेटरींनी हाक मारली. हे इमारतीचे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. निवृत्त माणूस, एकटा. जिन्यातला दिवा कुणी चालू ठेवला यावरून पूर्वी त्यांचा दिवस जायचा, आता हा आजार मिळाला होता.

"मास्तर, वरून आवाज येतोय."

"अक्काचा आहे. कापसाचा."

"तपासून घ्या. इमारतीत लहान मुलं आहेत."

मास्तरांनी मंडपातल्या ओळखीच्या माणसाकडून अक्काची तपासणी करवली. निकाल आला, नाही. नवा आजार नाही! मास्तर रस्त्याने जवळजवळ धावत आले. अक्काने कागद कपाळाला लावला. दोघांनी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली. नाही म्हणजे नाही. त्या एका 'नाही'त त्यांना वाटलं, जगातली सगळी दुखणी नाहीत. आयुष्यभर एकच दुखणं शोधत आलेल्या माणसाच्या मनात त्या दिवशी ते दुखणं आलंच नाही. ते तर बोचकी घेऊन वेशीबाहेर गेलं होतं ना.

सेक्रेटरींनी कागद लांबूनच वाचला. "कागद ठीक आहे हो. पण कागद खोकत नाही, माणूस खोकतो. कुणी फोन केला तर गाडीवाले कागद वाचत बसणार आहेत का?"

ते मास्तरांच्या मनात बसलं. गाडी, पत्रा, तो खाली घेतलेला हात. आणि त्यांनी एक काम केलं, जे फक्त तेच करू शकत होते. खोकला कसा वर येतो याची वाट ज्याला ठाऊक, त्याला तो कुठे अडवायचा तेही ठाऊक असतं. त्यांनी अक्काला खोकला गिळायला शिकवलं.

"उबळ आली की हनुवटी छातीला लाव. तोंड मिटून नाकाने थोडा थोडा श्वास घे. डावा हात फासळ्यांखाली, असा दाबून. कोमट पाण्याचा घोट. आणि गिळ. लगेच परत गिळ."

अक्का चांगली विद्यार्थिनी. लवकर शिकली. न आवरणारा खोकला आला तर उशी होतीच.

"वा रे धाकट्या," ती पुटपुटली, डोळ्यांत पाणी, "जगाला खोकायला शिकवलंस आणि बहिणीला अळीमिळी गुपचिळी."

मास्तर हसले. अक्काही हसली, आणि त्या हसण्याने पुन्हा उबळ आली. तिने उशीत तोंड खुपसलं. तिची पाठ थरथरताना मास्तर बघत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण जिना शांत झाला. सेक्रेटरी पुन्हा आले नाहीत. मास्तरांना वाटलं, आपण बहिणीला वाचवलं.

दिवस कापसासारखे आले आणि गेले, वजन नसलेले. अक्काचं बोलणं कमी झालं. मास्तरांना वाटलं, जिन्यात कुणी फिरकत नाही, कोपरखळी मारणार कुणाला? संध्याकाळी तिचे गाल तांबूस दिसायचे. शेगडीपाशी बसते म्हणून. ती आपलीच पोलकी घेऊन शिवणी आत घेत बसायची. "कपडा सैल पडतो धुऊन धुऊन," म्हणायची. खिडकीच्या उजेडात ती टाके घालत असायची, आणि तो उजेड तिच्या बोटांतून आरपार येतोय असं मास्तरांना एकदा वाटलं. सुंदर दिसलं ते. काय दिसतंय हे त्यांना कळलं नाही.

मग एके दिवशी प्रयोगशाळेच्या दारात इस्त्रीवाली आली.

ती जुनी ओळखीची. दवाखान्याच्या कोपऱ्यावर तिचं टेबल असायचं, मास्तरांच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री तीच करायची. आता ती चौकटीला धरून उभी होती. मास्तरांनी आधी ओळखलंच नाही. मास्कच्या वर नुसते डोळे उरले होते.

"मास्तर, डबी द्या."

"अगं, कधीपासून आहे हे?"

"झाले पुष्कळ दिवस. इकडे आले होते, बाहेरूनच परत पाठवलं. मग घरमालकाची भीती. खोकलीस तर खोली सोड म्हणाला. म्हणून गिळत होते."

"गिळत होतीस?"

"होय की. शिकले माझी मी." आणि तिने दाखवलं. हनुवटी छातीला. ओठ मिटलेले. डावा हात फासळ्यांखाली. दोन घोट, लागोपाठ.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. चेहरा तिचा होता, पण उभी अक्का होती. तांबूस गाल, सैल पोलकं, बोटांतून येणारा उजेड, सगळं एकदम जागेवर येऊन बसलं.

इस्त्रीवालीची डबी त्यांनी लगेच तपासली. निळं कमी, लालच जास्त होतं. ते डॉक्टरीणबाईंना शोधत तापाच्या वॉर्डात गेले, दाराबाहेर हात जोडून उभे राहिले, आणि तिला एका कोपऱ्यात खाट मिळेपर्यंत हलले नाहीत. मग भर दुपारी घरी निघाले. वाट तीच, पानं तीच, पण आता त्यांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बंद खिडक्या दिसत होत्या. एकेका खिडकीमागे कोण हनुवटी छातीला लावून बसलंय, कुणाला ठाऊक. आजार कुठेही गेला नव्हता. तो आत बसला होता, आणि त्याला खिडक्या लावून घेतलेल्या आवडल्या होत्या.

अक्का पडून होती. मास्तर उंबऱ्यातच बसले.

"अक्का, तुला क्षय असेल."

अक्का कोपरावर टेकून उठली. "तुझ्या लक्षात यायला हवं होतं ना रे," ती म्हणाली. रागाने नाही, विचारल्यासारखं. "काखेत कळसा नि गावाला वळसा."

 मास्तरांनी कोटाच्या खिशातून डबी काढून तिच्यापुढे ठेवली.

आणि आता गंमत बघा. अक्काला खोकता येईना. चूळ भरली, श्वास घेतला, धरला, सोडला. उबळ आली, आणि वर येता येता तिची हनुवटी आपोआप खाली गेली. हात फासळ्यांखाली गेला. गिळून झालं. डबीत पडली नुसती थुंकी. मास्तरांनी तीच नेली, रंगवली, डोळा लावला. निळं. कोरं, शांत, तळ नसलेलं निळं. ज्या निळ्यात ते इतके महिने पोहले होते त्याची त्यांना भीती वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई थकलेल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "मास्तर, सापडल्याशिवाय गोळ्या सुरू करायच्या तर आधी छातीचा फोटो हवा, आणि फोटोची खोली सध्या नव्या आजाराच्या कामाला आहे. फार वेळ जाईल हो. तुम्ही बेडका आणाच."

तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाली गेली. तिचं टेबल कोपऱ्यावर उलटं करून ठेवलेलं होतं, पाय वर.

मास्तर त्या टेबलापाशी थोडा वेळ थांबले. मग घरी येऊन म्हणाले, "अक्का, खोलीत नाही जमणार. खोलीला सवय लागलीय. उद्या सकाळी गच्चीवर."

"गच्चीवर? सगळ्यांच्या खिडक्या आहेत."

"असू देत."

"फोन करतील. गाडी येईल."

मास्तर खाली बघत म्हणाले, "येऊ दे. मी बसेन त्या गाडीत तुझ्याबरोबर. वचन मोडलं असं समज."

सकाळी ते तिला घेऊन वर गेले. एकेक जिना, मध्ये बसत. गच्चीवर अंधार नुकताच पातळ झाला होता. सगळीकडच्या गच्च्या धुक्यात तरंगत असल्यासारख्या, मोकळ्या, एकामागे एक, कुठपर्यंत गेल्या होत्या कळत नव्हतं. मास्तरांनी बोट ओलं करून वर धरलं. अक्काला कठड्याशी उभं केलं, तोंड मोकळ्या आभाळाकडे. स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला आले.

"श्वास घे. धर. सोड. परत घे. आता पोटातून."

उबळ आली. हनुवटी खाली गेली.

"वर बघ. ते पाखरू बघ. हात काढ तिथला."

"लाज वाटते रे."

"खुंटी नाहीये इथे. माझ्याकडे दे."

पुन्हा उबळ, पुन्हा गिळलं. अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात खालून चपला वाजल्या. सेक्रेटरी, डोळ्यांपर्यंत मास्क ओढलेला, जिन्याच्या तोंडाशी.

"मास्तर! हे काय चाललंय?"

एरवी मास्तर गडबडले असते, माफ करा म्हणाले असते. आता ते वळलेही नाहीत. "शाळा."

"मला फोन करावा लागेल."

"करा. पण हिचा धडा झाल्यावर."

"सेक्रेटरी," अक्का धापा टाकत म्हणाली, "उभे का? प्रवेश घ्या. एक जागा आहे."

आणि मग मास्तर खोकले. महिनोन्महिने ते असे खोकले नव्हते. अंगणात खोकायचे तसे, पोटातून, काटकुळं अंग धनुष्यासारखं वाकवून, साऱ्या शहराला ऐकू जाईल असं. खिडक्या उघडल्या. कुणी तरी "अगं बाई" म्हणालं. मास्तर पुन्हा खोकले. खोकता खोकता मास्क सरकला, तो त्यांनी सारखा केला आणि परत. त्या धरून ठेवलेल्या शांततेत त्यांचा खोकला गच्चीवरून गच्चीवर गेला, आदळला, परत आला. अक्का त्यांच्याकडे बघत होती. हा लहानपणी पाहुणे आले की दारामागे लपणारा मुलगा! तिला हसू फुटलं. आणि त्या हसण्याच्या मागून, हनुवटीला सुचायच्या आत, तळघरातून ते वर आलं. एक, मग दुसरं, मग थांबेचना. मास्तरांनी डबी धरली.

"पास," ते म्हणाले. आणि डबीचं झाकण घट्ट लावलं.

समोरच्या इमारतीत कुठेतरी, बंद खिडकीआडून, कुणीतरी एकदा खोकलं. अर्धवट, अडवलेलं. मास्तरांनी त्या खिडकीकडे नीट बघून ठेवलं.

सेक्रेटरी तसेच उभे होते. फोन हातात होता. तो त्यांनी खिशात ठेवला की केला, ते मास्तरांनी पाहिलं नाही. गाडी मात्र आली नाही.

मास्तरांनी काचपट्टी रंगवली. डोळा लावला. निळं पाणी. सरकवत गेले. निळं, निळं, आणि मग एका कडेला लाल दोऱ्याचे तुकडे, विखुरलेले, जणू कुणी गोधडी उसवून झटकलीय. मास्तर रडले. आधी आनंदाने. सापडलास. मग दुसऱ्या कशाने. किती दिवसांपूर्वी सापडायला हवा होता, आणि मी तुला लपायला मदत केली. डोळ्यांतलं पाणी काचेवर पडू नये म्हणून ते मागे सरकून बसले.

गोळ्या सुरू झाल्या. आपल्या दवाखान्यात पुरेशा नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी कुठून कुठून मागवून जमवल्या. अक्का रोज मास्तरांसमोर गिळायची. "हे गिळायचं होय ना? की यावरही उद्या काही निघेल?" ती विचारायची. गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरली, मग त्याचीच थट्टा केली. मास्तरांची स्वतःची तपासणी झाली, ते सुटले. समोरच्या इमारतीत त्या खिडकीच्या घराचं दार त्यांनी ठोठावलं. आत एक शिक्षिका होती. ती आधी नाही म्हणाली, मग डबी घेतली. पुढे मास्तर कुणाकुणाच्या गच्चीवर जाऊन शिकवायला लागले. अंगण मोकळं झालं तरी लोक पूर्वीसारखे आले नाहीत. भीती आजारापेक्षा हळू बरी होते.

अक्काचा ताप गेला. अंगावर थोडं मांस आलं, पोलक्यांच्या शिवणी ती पुन्हा उसवायला बसली. फोटो निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो उजेडापुढे धरला. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग आक्रसून गेला होता. "हा काही आता परत यायचा नाही," त्या मास्तरांकडे न बघता म्हणाल्या. "थोडं आधी..." आणि थांबल्या.

 इमारतीच्या दाराशी आल्यावर अक्का म्हणाली, "वरची एक खोली बंद केली म्हणायची. दोघांना घर मोठंच होतं."

"अक्का, मी..."

"तू काय? चढ."

पण चढणं पूर्वीचं राहिलं नव्हतं. पहिल्या जिन्यावर तिचा श्वास पुरला. दुसऱ्याच्या वळणावर संपला. तिने कठडा धरला. मास्तरांनी हात पुढे केला, तिने तो झटकला. हा तिचा खोकला नव्हता, नुसता श्वास होता, आखूड, शिट्टीसारखा. तो जिन्यात घुमत होता आणि दोघं तो ऐकत उभे होते.

सेक्रेटरींचं दार उघडलं. मास्क होताच.  ते आत गेले, आणि वेताची एक खुर्ची घेऊन आले. ती जिन्याच्या वळणावर भिंतीला लावली. हलते का बघितलं, एका पायाखाली कागदाची घडी सारली. आणि दार लोटून घेतलं, पूर्ण न लावता.

अक्का बसली. खिडकीच्या झडपेतून उन्हाचे पट्टे तिच्या मांडीवर पडले होते.

"सेक्रेटरी," ती श्वास जुळवून दाराकडे बघत म्हणाली, "ही रोज इथेच असणार, की फक्त आज?"

 आतून आवाज आला, "राहू द्या तिथेच."

मास्तर एक पायरी खाली उभे होते. चढायची घाई नव्हती. अक्काने डोळे मिटले, श्वास घेतला, धरला, सोडला. परत घेतला.